गोळीलाही परवाना लागतो

लेकीच्या बाळंतपणासाठी दुबईला निघालेल्या आईच्या बॅगेचं वजन घरात चार वेळा होतं. डिंकाचे लाडू कमी करायचे की मेतकूट, यावर अर्धा तास खल होतो. तिच्या औषधांच्या पिशवीत नेमकं काय आहे, हे मात्र घरातलं कुणी एकदाही वाचत नाही. या आठवड्यात माझं भांडण एवढ्याच गोष्टीशी आहे.

ती पिशवी उघडून बघा. ब्लडप्रेशरची गोळी, थायरॉइडची गोळी, कॅल्शियम. इथवर ठीक. त्याखाली कंबरेसाठी ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी. पायाला मुंग्या येतात म्हणून रात्रीची ‘नसांची गोळी’, म्हणजे प्रीगॅबॅलिन. झोप लागत नाही म्हणून अल्प्राझोलामची अर्धी. आणि तळाशी खोकल्याची बाटली, जिच्यात कोडीन. ही चारही औषधं डॉक्टरांनी लिहून दिलेली, मेडिकलमधून बिल घेऊन आणलेली. आणि चारही संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित. तिथल्या सरकारची परवानगी आधी घेतलेली नसेल, तर तीच पिशवी कस्टमच्या टेबलावर अमली पदार्थांची पिशवी ठरू शकते.

गिरगावातल्या आमच्या फणसवाडीत हे कुणाला सांगितलं की उत्तर ठरलेलं असतं, “अहो, पण डॉक्टरांची चिठ्ठी आहे ना!” चिठ्ठी आहे, मान्य. पण ती इथल्या केमिस्टला औषध देण्याचा अधिकार देते. परक्या देशाच्या सीमेवर ती फार तर पुरावा असते, परवानगी नसते. पुरावा आणि परवानगी यांच्यामध्ये कधी कधी एका तुरुंगाएवढं अंतर पडतं.

आणि ही परवानगी काही डोंगराएवढी अवघड नाही. अमिरातीत ती ऑनलाइन मिळते, फुकट मिळते. पासपोर्ट, डॉक्टरांची चिठ्ठी आणि आजाराचा अहवाल जोडून अर्ज करायचा. स्वतःपुरतं तीन महिन्यांपर्यंतचं औषध नेता येतं. दुबईत बसलेली लेक हा अर्ज आईच्या वतीने एका संध्याकाळी भरू शकते. तो भरला जात नाही, कारण तो भरायचा असतो हेच या साखळीतल्या कुणी तिला सांगितलेलं नसतं. डॉक्टर बोलत नाहीत, केमिस्ट बोलत नाही, तिकीट काढून देणारा बोलत नाही. सगळ्या सुशिक्षित, जाणत्या माणसांच्या हातून ती पिशवी पुढे सरकते आणि शेवटी सत्तरीच्या बाईच्या हातात येऊन थांबते. तिने सगळं ओळखायचं, अशी आपली व्यवस्था आहे. मला ही व्यवस्था लाजिरवाणी वाटते.

परदेशाचं राहू द्या, आपल्या घरचा कायदाही आपल्याला ठाऊक नाही. अमली पदार्थांविषयीचा आपला कायदा १९८५ चा. झोपेच्या आणि घबराटीच्या ज्या गोळ्या आपण सहज तोंडात टाकतो, अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम, त्या सगळ्या या कायद्याखाली येतात. ट्रामाडॉल त्यात एप्रिल २०१८ मध्ये आलं. या गोळ्यांच्या स्ट्रिपवर लाल रंगात इंग्रजी एन, आर, एक्स अशी खूण छापलेली असते. ती खूण वर्षानुवर्षं आपल्या डोळ्यांसमोरून जाते आणि तिचा अर्थ कुणी विचारत नाही.

याच कायद्याच्या नियमांत रुग्णासाठी एक स्पष्ट आकडा लिहून ठेवला आहे. अशा मनावर परिणाम करणाऱ्या औषधांचे १०० डोस माणसाला स्वतःच्या उपचारासाठी एका वेळी जवळ बाळगता येतात. उपचार दीर्घकाळ चालणार असतील आणि डॉक्टरांनी तसं खास लिहून दिलं असेल, तर ३०० पर्यंत. आता हिशेब करा. न्यू जर्सीला मुलाकडे सहा महिने राहायला निघालेले आजोबा रोज एक क्लोनाझेपाम घेतात. सहा महिन्यांच्या १८० गोळ्या झाल्या. म्हणजे साध्या चिठ्ठीची मर्यादा त्यांनी ठाकूरद्वारचा नाका ओलांडण्याआधीच ओलांडली. दिवसाला दोन घेत असतील तर ३६०, म्हणजे खास चिठ्ठीचीही मर्यादा संपली. ‘सहा महिन्यांची औषधं एकदमच घेऊन ठेवा, तिकडे महाग असतात’ हा सल्ला गिरगावात घरोघरी दिला जातो. प्रेमानेच दिला जातो. पण ब्लडप्रेशरच्या गोळीला लागू पडणारा सल्ला झोपेच्या गोळीला लागू पडत नाही, एवढं तरी देणाऱ्याला कळायला हवं.

सगळ्यात फसवं औषध म्हणजे ती नसांची गोळी. प्रीगॅबॅलिन आपल्याकडे अमली पदार्थांच्या कायद्यात नाही. त्यामुळे स्ट्रिपवर ती लाल खूण नाही. मधुमेहाने पाय जळजळणारे, मणक्याचं दुखणं असलेले, नागीण होऊन गेल्यावर वर्षभर ठणका सोसणारे असे कितीतरी लोक ती रोज घेतात, आणि बरेचदा ती बी-१२ बरोबर एकाच गोळीत असते. घेणाऱ्याच्या मनात ती व्हिटॅमिनची गोळी. पण आखातात ती नियंत्रित आहे. ब्रिटननेही १ एप्रिल २०१९ पासून प्रीगॅबॅलिन आणि गॅबापेंटिन ही दोन्ही औषधं नियंत्रित वर्गात टाकली. म्हणजे आपल्या देशात निरुपद्रवी दिसतं म्हणून दुसरीकडेही ते निरुपद्रवीच, हा तर्क इथे साफ कोसळतो.

प्रत्येक देशाचं माप वेगळं. ब्रिटनमध्ये नियंत्रित औषध तीन महिन्यांपेक्षा कमी असेल तर डॉक्टरांचं पत्र पुरतं, जास्त असेल तर तिथल्या गृहखात्याचा परवाना लागतो. ऑस्ट्रेलिया तीन महिन्यांचं नेऊ देतं, पण उतरताना भरायच्या कार्डावर ते जाहीर करावं लागतं. न्यूझीलंड अशा औषधांना एकच महिना देतं. सिंगापूरला कोडीनसारखी औषधं न्यायची तर आधी तिथल्या आरोग्य प्राधिकरणाची मंजुरी. सौदी अरेबियाचं स्वतःचं ऑनलाइन पोर्टल. जपान सर्वांत कडक. तिथे मॉर्फिन, ऑक्सिकोडोन यांसाठी निघण्याआधी परवानगी हवीच, आणि अँफेटामिन असलेली औषधं तर कुठल्याही डॉक्टरची कितीही पत्रं दाखवली तरी नेता येत नाहीत. अमेरिकेत वाढणाऱ्या मुलांना एकाग्रतेच्या अडचणीसाठी अॅडराल दिलं जातं, ते याच जातीचं. मुंबईला आजीकडे येताना वाटेत चार दिवस तोकियो बघू, असं ठरवणाऱ्या मराठी आईबापांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

काय होऊ शकतं, याची उदाहरणं कल्पनेतली नाहीत. ऑक्टोबर २०१७ मध्ये ब्रिटनमधली एक दुकानात काम करणारी महिला इजिप्तमधल्या हुरघाडा विमानतळावर उतरली. जोडीदाराच्या पाठदुखीसाठी तिने ट्रामाडॉलच्या २९० गोळ्या सोबत नेल्या होत्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये तिला तीन वर्षांची शिक्षा झाली आणि २०१९ च्या जानेवारीपर्यंत ती तिथल्या तुरुंगात होती. त्याआधी जून २०१५ मध्ये तोकियोत ज्युली हॅम्प यांना अटक झाली. टोयोटा कंपनीच्या पहिल्या महिला व्यवस्थापकीय अधिकारी म्हणून त्यांची नुकतीच नेमणूक झाली होती. अमेरिकेहून त्यांच्या नावे आलेल्या पार्सलमध्ये ऑक्सिकोडोनच्या ५७ गोळ्या सापडल्या. गुडघेदुखीसाठी मागवल्या, असं त्यांनी सांगितलं. जवळजवळ तीन आठवडे त्या कोठडीत होत्या. शेवटी खटला भरला गेला नाही, पण नोकरी तोवर गेली होती.

हॅम्प यांच्या अटकेनंतर लगेच कंपनीचे अध्यक्ष अकिओ तोयोदा स्वतः पत्रकारांसमोर आले आणि आपला त्यांच्यावर विश्वास आहे, असं म्हणाले. फणसवाडीतली एखादी आजी शारजाच्या विमानतळावर थांबवली गेली, तर तिच्यासाठी कोण पत्रकारांसमोर येणार? तिला अरबी येत नाही, इंग्रजी तुटपुंजं, आणि गोळीचं नाव ‘ती पिवळी, रात्रीची’ एवढंच ठाऊक. म्हणून मी या प्रश्नावर एवढा चिडून लिहितो आहे. कायदा सगळ्यांना सारखा असतो, हे खरं. त्या कायद्यासमोर उभं राहण्याची ताकद सारखी नसते.

इजिप्तमधल्या त्या बाईच्या गोष्टीत आपल्यासाठी आणखी एक धडा दडला आहे. गोळ्या तिच्या स्वतःच्या नव्हत्या. आपल्याकडे हे रोज चालतं. शेजारच्या बिऱ्हाडातलं कुणी दुबईला निघालं की मजल्यावरून हाक येते, “आमच्या सुनेला एवढ्या गोळ्या द्याल का हो? पाकीट छोटंसंच आहे.” परवाना ज्याच्या नावाचा, औषध त्याच्याच सोबत जायला हवं. दुसऱ्याचं औषध नेणाऱ्याला कुठलीच चिठ्ठी वाचवत नाही. आणि पाकिटात खरोखर औषधच आहे, हे तरी कशावरून? जुलै २०१९ मध्ये मुंबईचं एक जोडपं नात्यातल्या बाईने दिलेलं पाकीट घेऊन कतारला गेलं. त्यात चार किलोंहून जास्त चरस निघाला. दहा वर्षांची शिक्षा झाली, मूल तुरुंगात जन्मलं, आणि निर्दोष ठरून घरी यायला २०२१ उजाडलं. एप्रिल २०२३ मध्ये मुंबईच्याच एका अभिनेत्रीच्या हातात अमली पदार्थ दडवलेला चषक देऊन तिला शारजाला पाठवलं गेलं. तीही तुरुंगात जाऊन, सुटून परत आली. ही दोन्ही प्रकरणं औषधांची नव्हती. पण ‘नाही’ म्हणायचा संकोच दोन्हीकडे तोच होता, आणि वाडीत वाढलेल्या माणसाला तो संकोच सोडायला शिकवावाच लागतो. सख्ख्या मावशीने दिलं तरी नाही म्हणा. मावशी रुसेल. रुसू द्या.

खसखशीचं सांगायला हवं, कारण दिवाळीच्या आधी गिरगावातून परदेशी जाणाऱ्या बॅगांत ती हमखास असते. अनारशाला एका बाजूने लावलेली, काही घरांत मसाल्यात भाजून कुटलेली. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. अमिराती, सौदी अरेबिया, सिंगापूर या ठिकाणी ती नेता येत नाही. आपल्याकडे वाण्याकडे मिळते म्हणून तिथे चालेल असं नाही. लेकीला अनारसे खायचेच असतील तर खसखशीशिवाय करा, किंवा तिला इकडे बोलवा. चव थोडी कमी होईल, पण फराळाच्या डब्यासाठी चौकशीच्या खोलीत बसायची वेळ येणार नाही.

आता या सगळ्याची दुसरी बाजू, जी मला जास्त छळते. भीती पसरली की माणसं औषध घरी ठेवून जातात. ‘नको ती कटकट, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे’ असं म्हणतात. वर्षानुवर्षं घेतलेली अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम एका दिवसात बंद केली तर नुसती झोप उडत नाही, झटके येऊ शकतात. फिटसाठी क्लोनाझेपाम घेणाऱ्याची गोष्ट तर आणखी गंभीर. मॉर्फिन अचानक थांबवलं तर दुखणं दुपटीने उसळतं आणि शरीर तळमळतं. म्हणजे परवान्याविना औषध नेणं धोक्याचं, आणि परवान्याच्या भीतीने औषध न नेणंही धोक्याचं.

परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये १९४१ पासून देशभरातले कॅन्सरचे रुग्ण येत आहेत. तिथल्या वेदनाशामक विभागाबाहेरच्या बाकांवर बसलेल्या लोकांना मॉर्फिन म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. त्या गोळीमुळे त्यांना रात्री पाठ टेकता येते, चार घास खाता येतात. त्यांच्यातल्या एखाद्याचा मुलगा मेलबर्नला असतो, एखादीची लेक मस्कतला. डॉक्टर म्हणतात, आत्ता तब्येत बरी आहे, जाऊन या. जाऊन येण्याची ही शेवटची संधी असते, हे दोघांनाही माहीत असतं. अशा माणसाला आपण काय सांगतो? ‘बघा बाबा, तिकडे पकडतील.’ एवढं बोलून आपण मोकळे होतो. मॉर्फिनसोबत जाता येतं. जगभर माणसं जातात. त्या देशाच्या दूतावासाकडून, तिथल्या औषध खात्याकडून कोणता कागद आणायचा, एवढाच प्रश्न असतो. तो कागद मिळवून देणं हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. ज्याने वेदना कमी करण्याची जबाबदारी घेतली, त्याने ती विमानतळाच्या दारात सोडून देऊ नये.

कायद्याच्या भीतीने रुग्णाचं काय होतं, हे या देशाने एकदा पाहिलेलं आहे. १९८५ चा कायदा आला आणि मॉर्फिनसाठी राज्याराज्यांत परवान्यांचं असं जाळं तयार झालं की हॉस्पिटलांनी ते ठेवणंच सोडलं. १९९७ मध्ये देशभरातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर १८ किलोंपर्यंत घसरला होता. एवढ्या प्रचंड देशात, कॅन्सरचे लाखो रुग्ण असताना, १८ किलो. आणि जगातल्या औषधांसाठी अफू कायदेशीरपणे पिकवणाऱ्या मोजक्या देशांत आपण आहोत. मंदसौर, नीमच भागातल्या शेतकऱ्याला ग्वाल्हेरचं केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरो परवाना देतं आणि त्याच्या अफूचं वजन काट्यावर मोजून घेतं. वेदनाशामक उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही अत्यावश्यक ठरली, आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती एका परवान्यावर ठेवता येऊ लागली. कागद सोपा केला की दुखणाऱ्या माणसापर्यंत औषध पोचतं, हे त्यातून सिद्ध झालं. मग तोच कागद विमानतळापर्यंत सोपा का करू नये?

सरकारकडे माझी मागणी साधी आहे. आफ्रिकेला जाणाऱ्याला पिवळ्या तापाची लस लागते. त्यासाठी मुंबईत ठरलेली केंद्रं आहेत, तारीख मिळते, लस टोचली जाते, पिवळी पुस्तिका हातात पडते. २०१६ पासून ती आयुष्यभर चालते. जाणाऱ्या प्रत्येकाला ही केंद्रं ठाऊक असतात. नियंत्रित औषधांसाठी अशी सर्वांना ठाऊक असलेली एक खिडकी हवी. रुग्णाचं नाव, पासपोर्ट क्रमांक, औषधाचं मूळ नाव, मात्रा, दिवस, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, आणि खाली अन्न व औषध प्रशासनाचा शिक्का. एक पान. अशा प्रवाशांसाठी संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. व्हिएन्नातलं आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण मंडळ देशोदेशीचे नियम गोळा करून प्रसिद्ध करतं. युरोपातल्या शेंगेन देशांत राहणाऱ्या रुग्णाला तीस दिवस चालणारं प्रमाणपत्र त्याच्या देशातच मिळतं. नव्याने काही शोधून काढायचं नाही. आपल्या पानामुळे परक्या देशाचा परवाना टळेल असंही नाही. पण तो अर्ज भरताना लागणारा विश्वासाचा कागद तयार असेल, आणि तो घ्यायला गेल्यावर खिडकीवरचा माणूस निदान एवढं सांगेल की तुमच्या या दोन औषधांना त्या देशात आधी परवानगी लागते. तोपर्यंत लोअर परळच्या पासपोर्ट सेवा केंद्रात मराठीत एक फलक लावायला काय खर्च येतो?

हज यात्रेचं उदाहरण आपल्या शहरातच आहे. सीएसएमटीजवळच्या हज हाऊसमध्ये हज कमिटीचं मुख्यालय आहे. यात्रेकरूंसाठी निघण्यापूर्वी प्रशिक्षण शिबिरं होतात, सामानात काय न्यायचं आणि काय नाही हे समजावून सांगितलं जातं. म्हातारी माणसं आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार आहेत हे गृहीत धरून सांगितलं जातं. आपल्या सहल कंपन्या युरोपला नेताना थर्मल कपड्यांपासून रात्रीच्या जेवणातल्या वरणभातापर्यंत सगळं समजावतात, आणि औषधांबद्दल बहुतेकांच्या सूचनापत्रात ‘आपली नेहमीची औषधं सोबत ठेवावीत’ एवढी एक ओळ असते. ज्येष्ठांच्या खास सहली काढणाऱ्यांनी त्या ओळीची दोन पानं करावीत. पैसे घेता, तर एवढं कराच.

डॉक्टरांना मी सोडणार नाही. औषधाचं मूळ नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावं, असं वैद्यकीय आचारसंहितेत २०१६ पासून स्पष्ट आहे. नव्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये आणलेले कडक नियम काही आठवड्यांत स्थगित झाले, पण जुना नियम जागेवरच आहे. तरीही चिठ्ठीवर ब्रँडचं नाव, तेही वळणावळणाचं. आपल्याकडचा ब्रँड परदेशातल्या अधिकाऱ्याने कधी ऐकलेला नसतो. त्याला मूळ नाव हवं, मिलिग्रॅम हवेत, दिवस हवेत आणि आजाराचं नाव हवं. डॉक्टर, हे पाच मिनिटांचं काम आहे. रुग्णाने मागायची वाट बघू नका. ‘परदेशी जाणार आहात का?’ हे तुम्हीच विचारा.

आणि केमिस्ट. प्रिन्सेस स्ट्रीट फणसवाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. औषधांचा एवढा मोठा घाऊक बाजार दाराशी असूनही औषधांबद्दल आपण इतके अडाणी राहतो, याचं मला वाईट वाटतं. १ मार्च २०१४ पासून औषध नियमांतल्या एच-वन या कडक देखरेखीच्या यादीतली औषधं विकताना रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं जपावी लागतात. म्हणजे ही गोळी साधी नाही, हे केमिस्टला नक्की ठाऊक असतं. तो ते वहीत लिहितो आणि समोर उभ्या माणसाला सांगत नाही. पलीकडे उभ्या काकूंनी १८० गोळ्या एकदम मागितल्या की विचारायला हवं, “काकू, बाहेरगावी निघालात का? मग याची परवानगी बघून घ्या.” आणि स्ट्रिप कापून देताना औषधाचं नाव असलेला भाग त्यांच्याच हातात जाईल, एवढंही बघायला हवं. घरी आपण याच्यावर कळस करतो. जागा वाचावी म्हणून गोळ्या काढून प्लॅस्टिकच्या आठ खणांच्या डबीत भरतो आणि पाकिटं फेकून देतो. पासष्ट पांढऱ्या गोळ्या आणि एकीवरही नाव नाही. कस्टमचा अधिकारी त्या कशा ओळखणार?

ज्यांची तिकिटं निघालेली आहेत त्यांच्यासाठी थेट सांगतो. निदान महिनाभर आधी पिशवी ओट्यावर रिकामी करा आणि प्रत्येक स्ट्रिपवरचं बारीक अक्षरातलं मूळ नाव नातवाकडून मोबाइलवर मोठं करून वाचून घ्या. ती यादी मुलाला किंवा लेकीला पाठवा आणि त्यांच्याकडून त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर तपासून घ्या. व्हॉट्सअॅपवर आलेल्या यादीवर विसंबू नका. वाटेत दुबई, दोहा किंवा सिंगापूरला मुक्काम असेल, बॅगा उतरवून घ्यायच्या असतील, तर तो देशही यादीत धरा, कारण दारातून आत गेलात की तिथला कायदा लागू. सगळी औषधं मूळ पाकिटांत, हातातल्या सामानात, डॉक्टरांचं पत्र आणि बिलासकट. कागदांच्या दोन प्रती, एक सोबतच्या माणसाकडे. उतरल्यावर जाहीर करायचं असेल तर लाल मार्गिकेतून जा. लपवणारा तिथून जात नाही, हे अधिकाऱ्यालाही कळतं. मुक्काम मोठा असेल तर पुढच्या महिन्यांचं औषध तिथल्या डॉक्टरांकडून घ्यायची सोय आधीच लावून ठेवा. मागाहून कुरिअरने पाठवू म्हणू नका. सोबत नेण्याचा परवाना पार्सलला लागू होत नाही, आणि तोकियोतलं प्रकरण पार्सलचंच होतं.

त्या देशात ते औषध चालतच नसेल तर डॉक्टरांना आत्ताच गाठा. पर्यायी औषध असतं. पण झोपेच्या आणि फिटच्या गोळ्या बदलायला, त्यांची मात्रा उतरवायला आठवडे लागतात, आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. परवाना वेळेत आला नाही, तर तारीख बदला. तिकीट बदलण्याचे पैसे जातील, तेवढे मुलगा भरेल.